ऐकलेला भूतकाळ

एस्कीशेहिरच्या बाजारगल्लीत माझं दुकान.
तीन खुर्च्या, त्यांतली एक मोडकी.
मोडकीवर वही असते.
पोरसुक नदीकडून वारा आला की पानं फडफडतात,
मी वर कंगवा ठेवतो.

व्याकरण शिकलो ते शाळेत, छडीच्या धाकानं.
नाद लागला चाळिशीनंतर.
शेजारचा चांभार कबुतरं पाळतो,
मी क्रियापदांच्या शेपट्या गोळा करतो.

आमच्या भाषेत भूतकाळ दोन,
एक पाहिलेला, एक ऐकलेला.
गेल्दी : आला. मी दारातच होतो.
गेल्मिश : आला म्हणे.
एवढ्याशा शेपटीत
साक्षीदार वेगळा, शेजारी वेगळा.

साखर कारखान्यातले शेवकेतकाका
मान मागे टाकून सांगत असतात,
जावयानं गाडी घेतली म्हणे,
हप्ते तोच फेडतोय म्हणे.
गालभर फेस, त्यातून वर येणारे दोन बुडबुडे.
मी हात पुसतो, वहीत दोन रेघा ओढतो.
काका विचारतात, उधारी लिहितोस काय रे?

इल्यास रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेला.
तो स्वतःबद्दलही तसंच बोलतो :
काल टीव्हीसमोर झोपलो म्हणे.
बरोबरच आहे.
झोप लागताना बघायला जागं कोण असतं?

आणि जन्म.
मी बर्फात जन्मलो म्हणे.
सुईण गाढवावरून आली म्हणे, तीही उशिरा.
आपल्याच गोष्टीतलं पहिलं वाक्य
उसनं.

विद्यापीठातला तुन्च दर पंधरवड्याला दाढीला येतो.
वही चाळून म्हणाला, काका, यावर जाडजूड ग्रंथ आहेत.
पुढच्या खेपेला झेरॉक्स घेऊन आला, शंभरेक पानं.
डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली,
तिसरा हिस्सा कळला.
सगळ्या तक्त्यांत एकच माणूस :
अहमत आला. अहमत आला म्हणे.
अहमत आला असावा.
कोण हा अहमत? सारखा कुठून येतो?
त्याचे केस कोण कापतं?

रविवारी मी आईचे केस कापतो,
स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, जुनी चादर पांघरून.
चौऱ्याऐंशीची मुनिरे, बोलणं मात्र अखंड.
गावातल्या गोष्टी सगळ्या म्हणे, म्हणे, म्हणे.
मी मनातल्या मनात मोजत होतो.
मग ती वडिलांवर आली.

तो गाडीत चढला, म्हणाली.
ठीक. फलाटावर ती होतीच.
खाणीत छत खाली आलं, म्हणाली.
दिवा विझला.
त्यानं माझं नाव घेतलं. दोनदा.

कात्री थांबली.
गेल्सेनकिर्खनला ती कधी गेली नाही.
पासपोर्टच नव्हता तिच्याकडे.
तार आली सहा दिवसांनी,
वाचून दाखवली पोस्टमननं, उंबऱ्यात उभं राहून.
आणि ही सांगतेय
अख्खी गोष्ट पाहिलेल्या भूतकाळात,
एक शेपूट इकडची तिकडे नाही.

आई, हे तुला कुणी सांगितलं?

सांगायला कशाला हवं?
कानामागचे नीट काप, टोचतात.

तुन्च म्हणतो, अशी उदाहरणं असतात, काका,
तळटीप द्या.
तळ कुठाय ते सापडलं तर देईन.

रात्री मी माझीच वाक्यं लिहून पाहिली.
फलाटावर मी वडिलांच्या खांद्यावर होतो म्हणे.
दोन वर्षांचा.
त्यांची टोपी ओढली म्हणे, सोडेचना म्हणे.
पुढे काही सुचेना.
तिच्याकडे दोन्ही भूतकाळ आहेत,
माझ्याकडे हा एकच.

तिचं वाक्य अजून वहीत नाही.
दोन रकान्यांमधल्या रेघेवर
एक पांढरा केस चिकटलाय,
बाहीवरून पडला असेल.
झटकला नाही.

दार वाजलं. इल्यास आला.
मी दारातच आहे.